अक्षरबाईचा वाफा

रंगमंचावर मी चारशे बारा वेळा मेले. हा आकडा माझा नाही, माझ्या वडिलांचा. ते जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून होते आणि मोजण्याची सवय त्यांच्या हाडात मुरली होती. मी कधी विष घेऊन मेले, कधी क्षयाने, कधी पोटच्या पोराच्या तलवारीने आणि एका नाटकात तर नुसत्या अपमानाने. दर वेळी पडदा पडला की उठून पदर झटकायचा, तोंड धुवायचं आणि विंगेत चहा प्यायचा. लोक डोळे पुसत घरी जात. "काय मेलात हो बाई," असं कौतुक मी इतक्या तोंडून ऐकलंय की नम्रपणा शिकायची संधीच मिळाली नाही.

आता अठ्ठ्याहत्तरी उलटली. आवाज निम्मा राहिलाय. पण फुशारकी मारायला निम्मा पुरतो, आणि आजची फुशारकी माझी नाही. ती आहे माझ्या धाकटीची.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी लहान. शहराच्या सार्वजनिक बागेत तिने तेहतीस वर्षं माळीकाम केलं. उंची जेमतेम पाच फूट, पाठ जमिनीकडे ओढल्यासारखी, नखांच्या कडांना माती. ती माती लग्नाकार्यालासुद्धा निघायची नाही. मी तिला म्हणायचे, "अगं, नखं तरी रंगव, माती झाकेल." ती म्हणायची, "झाकायला ती काय पाप आहे?" बोलणं एवढंच. आमच्या घरात वाक्यं वाटली गेली तेव्हा तिच्या वाटणीचीही मीच उचलली, असं नाना म्हणत. नाना म्हणजे आमचे वडील.

बागेत शिरलं की उजव्या हाताला एक लांबलचक वाफा होता. फाटकाजवळच्या विजेच्या खांबापासून थेट पंपघरापर्यंत पसरलेला, थोडा उताराचा, वाटेवरून जाणाऱ्याला सहज दिसेल असा. त्यात पूर्वी दर हंगामाला रोपांनी 'स्वागत' लिहायची पद्धत होती. आता रोपं काही कागदावरच्या शाईसारखी शहाणी नसतात, ती वाढतात. महिन्याभरात पहिलं जोडाक्षर फुगायचं, स ला व मिठी मारायचा आणि येणारेजाणारे 'खागत' वाचून हसायचे. बाग अधीक्षक दर वर्षी माळ्यांना झापायचे. धाकटी नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली असतील. एके दिवशी ती अधीक्षकांना म्हणाली, "साहेब, जोडाक्षर नसलेलं काहीतरी लिहू या." साहेब म्हणाले, "मग तूच शोध."

तिने घरी येऊन नानांना सांगितलं. नानांनी नोकरीभर लोकांच्या येण्याजाण्याची नोंद केली होती. "जन्म म्हणजे आवक, मृत्यू म्हणजे जावक, मधलं सगळं प्रलंबित," हा त्यांचा ठरलेला विनोद. फावल्या वेळात ते ओळी जुळवायचे. त्या कुठे छापून आल्या नव्हत्या आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. पण मुलगी ओळ मागतेय म्हटल्यावर म्हातारा उजळला. "अटी काय?" त्यांनी विचारलं, निविदा भरायला बसल्यासारखं.

"जोडाक्षर नको. रफार नको. वीस अक्षरांच्या वर नको. आणि खोटं नको."

"शेवटची अट साहेबांची की तुझी?"

"रोपांची," धाकटी म्हणाली.

तिथून ते चक्र सुरू झालं. नाना वर्षाला दोन ओळी लिहायचे, धाकटी त्या लावायची. तिची लावण्याची रीत मी पुढे अनेकदा पाहिली. ती दोरी धरायची नाही. अनवाणी पावलांनी वाफा मोजायची, एका अक्षराला तीन पावलं. वरची रेघ बारीक हिरव्या पानांच्या रोपांनी आखायची, ती दर आठवड्याला कात्रीने कापून सरळ ठेवायची. खालचं अक्षर फुलझाडांचं. अनुस्वाराला एकच रोप, पण सगळ्यांत ठणठणीत. "एकटं राहायचंय त्याला," ती सांगायची. बागेतले लोक तिला अक्षरबाई म्हणू लागले.

पण नुसती लावणारी समजू नका. नानांच्या कवितेची खरी परीक्षक तीच होती. मला आठवतंय, एकदा नानांनी लिहिलं होतं की पान गळताना झाड मुक्याने रडतं. धाकटी भाकरी मोडत होती. ऐकलं आणि मान हलवली. "झाड रडत नाही, नाना. पान झाडच सोडतं. आधी देठाशी आतून दार लावून घेतं, मग पान पडतं. जखमसुद्धा होत नाही."

नाना थोडे हिरमुसले. "मग रडतं कोण?"

"बघणारा."

नानांनी पेन्सिलीने ओळ खोडली. मला म्हणाले, "आम्ही कवी लोक आयुष्यभर आपलं रडं झाडांच्या गळ्यात बांधत आलो, आणि ही एक घास खाता खाता सोडवून मोकळी झाली."

माझीही तिने अशीच वाट लावली होती. माझ्या गाजलेल्या नाटकात मरणापूर्वी मी खिडकीशी जाऊन कळ्यांना विनवायचे, आजचा दिवस उमलू नका, मी गेल्यावर उमला. त्या जागी थिएटरात हुंदके यायचे. धाकटी पहिल्या रांगेत बसली होती. प्रयोग संपल्यावर मी विचारलं, "कसं झालं?" ती म्हणाली, "तू छान केलंस, ताई. पण कळ्या तुझं ऐकणार नाहीत." मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

तर अशी वर्षं गेली. नाना चौऱ्याऐंशीचे झाले. छाती पाण्याने भरू लागली. दोन जिने उतरणं बंद, मग एक जिना, मग उंबरा. डॉक्टर आमच्याच गल्लीतले, घरच्यासारखे. एका संध्याकाळी त्यांनी मला दाराबाहेर घेऊन सांगितलं, "महिना. ओढून ताणून दीड."

मी आत आले तर नानांनी विचारलं, "किती सांगितले?" मी म्हटलं, "काही नाही, औषध बदललंय." नाना म्हणाले, "चारशे बारा वेळा मेलीस, पण खोटं बोलायला अजून शिकली नाहीस."

त्या वर्षीच्या ओळी त्यांनी आधीच दिल्या होत्या आणि धाकटीने त्या महिन्यापूर्वी लावल्याही होत्या. ओळी अशा होत्या:

माणूस मोजी किती राहिले
फूल न मोजी, नुसते फुले

वीस अक्षरं बरोबर. दोन्ही ओळी एकापुढे एक, पंपघराकडून फाटकाकडे. धाकटीला त्या पसंत पडल्या होत्या. तिची पसंती म्हणजे तिने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. नाना त्या दिवशी मला तीन वेळा म्हणाले, "एकही शब्द बदलला नाही बरं का तिने."

ओळी बुटक्या पिवळ्या शेवंतीत लावल्या होत्या. शेवंती फुलायला अजून पाच-सहा आठवडे. आणि डॉक्टरांचा हिशोब एक महिन्याचा.

मी धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. "नानांना ते फुललेलं दिसायला हवं."

"हो," ती म्हणाली.

"हो काय? काहीतरी खत घाल. औषध मार."

"खताने पानं वाढतात, ताई. फूल त्याच्या वेळेला येतं. रात्र मोठी होत गेली की शेवंतीला कळतं."

"आणि तोवर?"

"तोवर पाणी," ती म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

मी उभी जळत होते. माझ्या जगात वेळ हा आपल्या ताब्यातला प्राणी होता. दिवा मंद करा म्हटलं की संध्याकाळ होते. पडदा पाडा, वीस वर्षं जातात. हिची शेवंती एवढी कोण लागून गेली? मी ठरवलं, प्रयोग आपण लावायचा.

आमच्या नाटक कंपनीत प्रॉपर्टी सांभाळणारा एक जुना माणूस होता. तलवारी, पत्रं, खोटी फळं, सगळं त्याच्याकडे. आम्ही त्याला जादूगार म्हणायचो. मी त्याला तारेच्या देठाची कागदी शेवंती करायला सांगितलं. त्याने चार दिवसांत तीनशे फुलं केली. रंग असा जमला होता की फुलवालीने उधारीवर घेतली असती.

धाकटीच्या सुट्टीच्या दिवशी, ती घरी चादरी धूत असताना, मी आणि जादूगार दुपारी बागेत गेलो. पहारेकऱ्याने मला ओळखलं, सलाम ठोकला, बसायला खुर्ची दिली. आम्ही फाटकाच्या बाजूने सुरुवात केली, कारण नानांची चाकाची खुर्ची त्याच बाजूने येणार होती. म्हणजे शेवटच्या शब्दापासून.

आता आमची चूक ऐका. ती फक्त नाटकवालेच करू शकतात. रंगमंचावरचं झाड म्हणजे फळीवर ठोकलेला पाला. त्याला हालवून बघायचं, डगमगलं तर आणखी दोन खिळे मारायचे. जादूगाराने आयुष्यभर तेच केलं होतं. त्याने प्रत्येक रोपाच्या कोवळ्या खोडाला तार तीन वेढे घालून आवळली, वर पक्कडीने पीळ दिला आणि बुंध्याशी टाच मारून माती घट्ट केली. "वाऱ्याने पडणार नाही, बाई," तो म्हणाला. मी म्हटलं, "शाब्बास." 'फुले' पूर्ण झालं, 'नुसते' घाईत सैल वेढ्यांवर कसंबसं झालं आणि तीनशे फुलं संपली. बाकीचं उद्यापर्यंत फुलेल असं नानांना सांगायचं ठरलं.

पाच वाजता मी नानांना घेऊन आले. शेजारच्या दोघांनी खुर्चीसकट जिना उतरवून दिला होता. नाना फाटकातून आत शिरले, वाफ्याकडे पाहिलं. मी श्वास रोखला. पहिल्या प्रयोगालाही इतका रोखला नव्हता.

त्यांनी खुर्ची जवळ न्यायला सांगितली.

"रंग झकास उतरलाय," ते म्हणाले.

"फुललं ना, नाना?"

"हो तर. मधमाश्यांचा अर्ज मात्र नामंजूर झालेला दिसतो." मग जादूगाराकडे वळून, "तार कुठली वापरलीत? बारा नंबरची?"

जादूगार मान खाली घालून म्हणाला, "चौदा."

नाना हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी पुढे न्यायला सांगितलं, पंपघरापर्यंत. तिथे नुसती हिरवी रोपं होती, फूल तर सोडाच, कळीही नव्हती. नानांनी वाकून पहिल्या अक्षराच्या रोपांवरून हात फिरवला. "हे ठीक चाललंय," ते म्हणाले. मला वाटलं ते रोपांशीच बोलतायत.

जादूगार दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन फुलं काढून नेणार होता. तो काही आला नाही, झोपला. सात वाजता धाकटी कामावर हजर झाली तेव्हा तिचं स्वागत तीनशे कागदी फुलांनी केलं.

संध्याकाळी ती घरी आली. हातपाय धुतले. कापडी पिशवी माझ्यासमोर ठेवली. आत सगळी फुलं होती, तारा सरळ केलेल्या. "तुमची प्रॉपर्टी," ती म्हणाली.

मी पिशवीतलं एक फूल उचललं.

"शेवटच्या शब्दाची बावीस रोपं गेली," तिने सांगितलं. "खोडं कापली गेलीत. बागेत पिशव्यांत वाढवलेली राखीव रोपं लावली आज. ती लहान आहेत. मागे राहतील."

नाना खाटेवरून म्हणाले, "किती मागे?"

"दोन-तीन आठवडे. त्यात फाटकाचा दिवा. शेवंतीला अंधार लागतो, दिव्याजवळची तशीही उशिरा येते."

"मग दिवा बंद करवते मी," मी उसळले. "अधीक्षकांना मी ओळखते. नाहीतर जादूगाराला सांगून फोडते."

"त्या फाटकातून कारखान्यातल्या बायका घरी जातात, ताई," धाकटी म्हणाली. "दिवा राहू दे."

नानांनी सुचवलं की शेवटचा शब्द गाळून टाकावा. 'फूल न मोजी, नुसते', बस. वाचणारे शहाणे असतात, पुढचं समजून घेतील. धाकटीने नाही म्हटलं. रोपं लावलेली आहेत, ती येतील. तेवढ्यावर विषय संपला. ती मला एक शब्द लावून बोलली असती तर मी रडले असते, पाया पडले असते, सगळं साग्रसंगीत केलं असतं. तिने मला ती संधी दिली नाही. वर ताटात भाजी वाढली.

महिना भरला. डॉक्टर येत राहिले, नाना राहत राहिले. पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी धाकटी कामावरून आली, हातपाय धुऊन नेहमीसारखी स्वयंपाकघरात न जाता नानांच्या खाटेशी बसली.

"नाना, 'मा' उघडला."

"सगळा?"

"काना अजून निम्मा आहे. त्याच्या खाली दगड लागतो."

"उद्या होईल?"

"होईल असं वाटतं."

पंपघराच्या बाजूला अंधार जास्त, म्हणून सुरुवात तिथून झाली होती. दुसऱ्या दिवशी काना पूर्ण झाला. तिसऱ्या दिवशी णू. ऊकाराच्या वळणावर दोन रोपं गुलाबी निघाली, नर्सरीची चूक. नानांना ते फार आवडलं. "णू ला लाली आली म्हणायची." कधी एका दिवसात दोन अक्षरं यायची, कधी दोन दिवस काहीच नाही. धाकटी आली की नाना आधी तिचा चेहरा बघायचे, मग विचारायचे, "आज टपाल?" ती म्हणायची, "आज नाही." तर ते म्हणायचे, "बरं."

मला हे सोसेना. एक दिवस मी खाटेशी उभी राहून दोन्ही ओळी म्हटल्या, खर्जातून सुरू करून वर नेत, शेवटच्या शब्दाला आवाज हवेत सोडून. माझी खास लकब, तिच्यावर टाळी हमखास. नानांनी हात वर केला. "अगं, मी मो वर आहे आणि तू शेवट सांगतेस. पडदा का पाडतेस आधीच?"

"ओळी तुमच्याच आहेत. पाठ आहेत तुम्हाला."

"लिहिल्या तेव्हा माझ्या होत्या. आता मी वाचतोय."

डॉक्टरसुद्धा त्यात ओढले गेले. नाडी बघताना विचारायचे, "कुठवर आलात?" राहिलेचा रा उमलला त्या दिवशी नाना म्हणाले, "तुम्ही विचारत होतात ना किती, आज रा आलाय. अजून दोन." डॉक्टर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "औषध मी लिहून दिलेलंच चालू आहे ना?" त्यांचा दीड महिना उलटून गेला होता.

पहिली ओळ संपली. नाना त्या रात्री शांत झोपले. सकाळी मला म्हणाले, "माणसाचं झालं. आता फुलाचं ऐकू."

एक गोष्ट मी तेव्हा नोंदली नाही, मागाहून लक्षात आली. नानांना आयुष्यभर सवय होती, सकाळी उठल्याबरोबर तारीख विचारायची. कचेरीची सवय. आजारात तर दिवसातून चार वेळा विचारायचे. दुसरी ओळ उमलायला लागल्यापासून त्यांनी तारीख विचारली नाही. अक्षर विचारायचे.

मोजी झालं. नु झाला. स झाला. त्यानंतर तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी दुपारी नानांचा श्वास बदलला. मी बागेच्या कचेरीत फोन केला, तिथला शिपाई धावत वाफ्यावर गेला. धाकटी आली तेव्हा नाना गेलेले होते. दहा मिनिटं झाली असतील.

तिने मोरीत जाऊन हात धुतले. नीट धुतले, नेहमीइतकेच. खाटेशी बसली. त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "नाना, 'ते' पूर्ण झाला. नुसते झालं."

चारशे बारा मरणांची मालकीण मी, आणि हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. मग मला जे येतं ते मी केलं. गळा मोकळा सोडला, शेजारची माणसं जमा झाली. धाकटीने मला पाणी आणून दिलं आणि खाटेची चादर सरळ केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन निघाली. मी दार अडवलं. "लोक काय म्हणतील?"

"पाणी घालायचंय."

"दुसरं कोणी घालेल."

"दुसऱ्याला कुठल्या रोपाला किती ते माहीत नाही, ताई," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते हे मी तेव्हा पाहिलं. ती कधी रडली, कुठे रडली, मला आजतागायत माहीत नाही.

आणखी पंधरा दिवसांनी मी बागेत गेले. 'फुले' उघडलं होतं. लहान रोपं, फुलंही लहान, पण दाट. फाटकाशी दोन कारखान्यातल्या बायका उभ्या होत्या. एक दुसरीला वाचून दाखवत होती, बोटाने हवेत अक्षरं गिरवत. दुसरी म्हणाली, "खरंय बाई. आमच्या सासूबाई रोज मोजतात, माझे किती राहिले ते." दोघी हसत गेल्या.

मी पंपघराकडे चालत गेले. तिथे धाकटी गुडघ्यांवर बसली होती आणि 'माणूस' उपटत होती.

मा ची फुलं तपकिरी झाली होती, णू माना टाकून पडला होता. शेवटचा शब्द आज उमलला आणि पहिला आज संपला. म्हणजे त्या दोन ओळी एकाच वेळी, पूर्ण फुललेल्या, कोणीच पाहिल्या नव्हत्या. मी नाही, अधीक्षकांनी नाही, धाकटीनेही नाही.

"एक दिवस थांब," मी म्हटलं. "एकच दिवस. मी फोटोवाल्याला आणते."

"वाळलेल्याला कीड लागलीय. पुढच्या अक्षरांवर जाईल."

मी तिच्याजवळ वाफ्याच्या काठावर बसले. रेशमी साडी नेसून आले होते, का ते विचारू नका. गेले पंधरा दिवस जे मनात होतं ते बोलले. त्यासाठी एक छान वाक्य तयार केलं होतं, ते आठवलंच नाही. "माझ्यामुळे नानांचा शेवटचा शब्द राहिला."

धाकटीने उपटलेलं रोप टोपलीत टाकलं.

"हो," ती म्हणाली.

एवढंच. असू दे म्हणाली नाही, तुझा दोष नाही म्हणाली नाही. आयुष्यात मला पुष्कळांनी माफ केलंय, खोट्या शब्दांनी, फुलांच्या गुच्छांनी. इतक्या स्वच्छ शब्दाने कोणी केलं नव्हतं. कारण 'हो' म्हणून तिने दुसरं खुरपं माझ्याकडे सरकवलं.

"स पासून धर. आधी माती सैल कर, मग ओढ. टाच मारू नकोस."

मी साडीचा काचा मारला आणि गुडघ्यांवर बसले. पहिलं रोप ओढलं तर खोड हातात आणि मूळ जमिनीत. तिने माझं मनगट धरून खुरप्याचा कोन बदलला. दुसरं मुळासकट आलं. त्या मुळांशी ओली, गार माती होती आणि तिच्यात बुंध्याजवळून निघालेले चार हिरवे कोंब होते, नखाएवढे. मी तिला दाखवले. "हे काय?"

"पुढच्या वर्षीची रोपं," ती म्हणाली. "ती वेगळ्या टोपलीत ठेव."

तासभर आम्ही काम केलं. माझी कंबर मोडली, तोंड बंद राहिलं, दोन्ही गोष्टी नवीनच. वाटेवरून एक गृहस्थ बायकोबरोबर चालले होते. माझ्या वयाचे, म्हणजे मला रंगमंचावर पाहिलेले असणार. ते थबकले, माझ्या साडीकडे आणि चिखलाच्या हातांकडे पाहिलं. मी सवयीने मान किंचित उचलली, ओळख पटली की चेहऱ्यावर प्रकाश यावा म्हणून.

त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, "या बाई कोण?"

पहारेकरी म्हणाला, "अक्षरबाईंच्या थोरल्या बहीण."

"अच्छा," गृहस्थ म्हणाले, आणि त्यांनी हात जोडून मला नमस्कार केला.

तो नमस्कार मी मातीच्या हातांनी घेतला. आयुष्यात एवढ्या ताठ मानेने मी दुसरा घेतला नाही. मग पुन्हा वाकले. 'माणूस' काढून झाला होता, 'मोजी' बाकी होतं.